कीटक हॉटेलची वर्षभराची देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर कीटक हॉटेल लावल्यापासून ओळखीपाळखीतून जे प्रश्न येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. मी पुण्याची, त्यामुळे बरीच उत्तरं पुण्याच्या हवेतून आलेली आहेत. कोकण आणि विदर्भासाठी जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. या विषयावरचं बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतलं आहे आणि त्यातली सगळी काळजी थंडीची आहे. आपल्याकडे हॉटेलची वाट लागते ती जून ते सप्टेंबरमध्ये. तिकडचं वेळापत्रक इकडे चालवलं की काय होतं, ते मी पहिल्या दोन वर्षांत भोगलं आहे.

१. कीटक हॉटेल म्हणजे नक्की काय? यातून मध मिळतो का?

मध मिळत नाही. मधमाशीच्या कुळात जगभरात वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना ना राणी, ना कामकरी, ना पोळं. मादी एखादी पोकळ काडी किंवा लाकडातलं भोक शोधते, आत परागाचा आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, पडदा घालून खोली बंद करते आणि पुढच्या खोलीला लागते. नळी भरली की तोंडाला बूच मारून निघून जाते. पिल्लांशी तिची गाठ पडत नाही. कीटक हॉटेल म्हणजे अशा नळ्यांची मोळी आणि वर एक छप्पर.

मधच हवा असेल तर सातेरी माश्यांची पेटी हा वेगळा उद्योग आहे. त्यासाठी महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे चौकशी करा.

२. आमच्या नळ्या बंद झाल्यात, पण आत कोण आहे ते कसं ओळखायचं?

बुचावरून. नळीचं तोंड हिरव्या किंवा वाळक्या पानांच्या गोल चकत्यांनी बंद असेल तर पान कापणारी माशी. राळेसारखं चिकट, तपकिरी, चकचकीत काही असेल तर राळ गोळा करणारी माशी. वाळक्या गवताच्या काड्या झाडूसारख्या बाहेर आल्या असतील तर ती एक सडपातळ काळी गांधीलमाशी. ती आत पिल्लांसाठी नाकतोडे आणि रातकिडे साठवते. नळीखाली ताजा भुसा पडत असेल आणि तोंड उघडंच असेल तर भुंगा (प्रश्न १३).

मातीचं बूच मात्र फसवतं. काही एकट्या माश्या मातीचे पडदे घालतात आणि कुंभारीणही (मातीचं घर करणारी गांधीलमाशी) मातीच वापरते. वाट बघितली तर कळतं. पायांना किंवा पोटाखाली पिवळी पूड लागलेली असेल तर माशी. पायांत हिरवी अळी धरून आली तर कुंभारीण.

कुंभारीण आळीभोवती गुणगुणून तिला आपल्यासारखं करून घेते, हे आपण कीर्तनापासून ऐकत आलो आहोत. दृष्टांत म्हणून सुंदर आहे. प्रत्यक्षात ती आळी डंखाने लुळी करून ठेवलेली शिदोरी असते आणि बाहेर पडते ती कुंभारणीची स्वतःची मुलगी. पण हे बघणाऱ्याने बघितलं होतं एवढं खरं: आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली.

३. कुंभारीण आणि गांधीलमाश्या आल्या तर हॉटेल फसलं असं समजायचं का?

नाही. टोरांटोमध्ये तीन वर्षं सुमारे सहाशे हॉटेलांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतेक हॉटेलांत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलेलं आढळलं. या एकट्या राहतात, अंगावर येत नाहीत आणि कोबीवरच्या, वांग्यावरच्या अळ्या उचलून नेतात. मला तर त्या हव्याच असतात. पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या ही वेगळी गोष्ट, तिच्यासाठी प्रश्न १५.

४. हॉटेल कुठे आणि किती उंचीवर लावायचं?

छातीच्या उंचीवर, पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून. सकाळचं ऊन मिळालं की माश्या लवकर कामाला लागतात आणि दुपारचं भाजणारं ऊन चुकतं. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेला तोंड केलं तर झड सरळ नळ्यांत जाते. भिंतीला घट्ट स्क्रूने लावा. दोरीला टांगून झुलणारं हॉटेल फोटोत छान दिसतं, पण पराग घेऊन आलेल्या माशीला हलणाऱ्या भोकात उतरता येत नाही.

५. नळ्यांसाठी बांबू कोणता घ्यायचा?

पोकळ असलेला. हे हास्यास्पद वाटेल, पण कोकणातला माणगा आणि विदर्भातला मानवेल हे बरेचदा भरीव निघतात. त्यांना ड्रिलने भोक पाडावं लागतं. कळकाच्या बारीक फांद्या चालतात. ओढ्याकाठचा बोरू उत्तम, ज्याचे पूर्वी टाक करायचे तोच. बेशरमीच्या वाळलेल्या पोकळ काड्याही चालतात. पपईचे देठ फुकट मिळतात म्हणून मी वापरले होते. महिन्यात सुरकुतले आणि बुरशीने पांढरे झाले.

आतला व्यास ३ ते १० मिलिमीटर, वेगवेगळा. लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास. पेराच्या जरा मागे कापा, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते. दोन्हीकडून आरपार नळी माश्या बहुधा घेत नाहीत. लांबीत काटकसर करू नका: मादी होणारी अंडी नळीत मागे आणि नर होणारी पुढे घातली जातात, त्यामुळे आखूड नळीतून नरच जास्त निघतात. तोंडाच्या कडा काचकागदाने घासून घ्या, धसकटाने पंख फाटतात.

घुण लागू नये म्हणून बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवायचा. त्यातली साखर-पिष्ट निघून गेलं की घुण्याला खायला उरत नाही. पाणी दर दोन दिवसांनी बदला. वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

लाकडाचा ठोकळा वापरणार असाल तर आंबा, बाभूळ, साग असं वाळलेलं, रंग-पॉलिश नसलेलं लाकूड घ्या आणि भोकं बाजूच्या अंगाला पाडा. ओंडक्याच्या कापलेल्या गोल तोंडावर पाडली तर उन्हाळ्यात तिथून चिरा जातात.

६. ऑनलाइन मिळणारं तयार हॉटेल कसं असतं?

माझं पहिलं तसंच होतं. पाइनची फळं, पेंढा, फुलपाखरांसाठी म्हणून एक फट, आणि जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल नळ्या. फुलपाखरं त्या फटीत कधीच आली नाहीत, झुरळं आली. चौकट आणि छप्पर चांगलं असेल तर ते ठेवा, आतला सगळा माल काढून प्रश्न ५ प्रमाणे भरा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या असतील तर त्या फेकाच, त्यांत दमटपणा कोंडतो.

७. वर्षभरात कधी काय करायचं, ते एकदा सलग सांगा ना.

रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे मे संपता संपता, पावसाची तयारी. छप्पर पुढे किमान चार बोटं आलेलं आहे का, नळ्यांची तोंडं किंचित खाली झुकलेली आहेत का, मागच्या फळीत फट नाही ना, एवढं बघायचं. रिकाम्या, जुन्या नळ्या याच वेळी काढायच्या.

मृगापासून हस्तापर्यंत हात लावायचा नाही, फक्त आठवड्यातून एकदा बघायचं (प्रश्न ८). हस्ताचा पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं की मोठी डागडुजी आणि नव्या नळ्या. तूर फुलायला लागते आणि पान कापणाऱ्या माश्यांना तुरीचं फूल फार प्रिय आहे. तूर नसेल तर तुळस-सब्जाच्या मंजिऱ्या खुडायच्या थांबवा, तेवढ्यानेही काम होतं.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापर्यंत सामसूम असते, काळजी नको. शेवगा फुलला की पुन्हा लगबग. माझ्या गच्चीवर सर्वांत जास्त नळ्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बंद होतात. त्यानंतर उन्हाळा, त्यासाठी प्रश्न ११.

८. पावसाळ्यात नळ्यांना बुरशी येते. हॉटेल प्लॅस्टिकने झाकू का?

कृपा करून नको. दुसऱ्या वर्षी मी नेमकं हेच केलं. मृगाच्या आधी जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी बांधलं आणि आपण फार शहाणे आहोत असं वाटून घेतलं. गणपतीत उघडलं तर आत घाम सुटलेला आणि बंद असलेल्या जवळजवळ सगळ्या नळ्यांत करडी बुरशी. परागाचा गोळा हे बुरशीचं आवडतं खाद्य. पावसाचं पाणी अडवलं, पण आतला दमटपणा मीच कोंडला.

हॉटेल झडीपासून वाचवायचं, पण वारा खेळता ठेवायचा. वर पत्र्याचं किंवा फळीचं उतरतं छप्पर, पागोळ्या नळ्यांपासून लांब पडतील इतकं पुढे आलेलं. मागची फळी भिंतीला चिकटून नको. मध्ये लाकडाचे दोन तुकडे घालून बोटभर जागा सोडा. कोकणात उघड्या भिंतीवर हॉटेल ठेवूच नका. पडवीत न्या, आणि पडवीला झापं लावत असाल तर त्यांच्या आतल्या बाजूला.

हलवायचंच असेल तर संध्याकाळी, तोंडं जशी आहेत तशीच ठेवून, न आपटता. नव्या नळीतली अळी परागाच्या गोळ्यावर असते; नळी उलटी झाली किंवा आपटली तर ती खाली पडते आणि उपाशी मरते. एखाद्या नळीच्या तोंडाशी बुरशी दिसलीच तर तेवढी एक नळी काढा. ती पुसून परत ठेवू नका.

९. साफसफाई किती दिवसांनी? दिवाळीत सगळं काढून धुतलं तर चालेल का?

सगळं एकदम कधीच नाही. तिकडच्या थंड देशांत माश्यांची बहुधा एकच पिढी होते आणि हिवाळ्यात सगळ्यांच्या सगळ्या कोशात असतात, म्हणून सफाईचा एक ठरावीक महिना असतो. आपल्याकडे उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दीड महिना पुरतो आणि वर्षात अनेक पिढ्या होतात. त्यामुळे तुम्ही कोणत्याही दिवशी हॉटेल उघडलंत तरी काही नळ्या भरलेल्या असणारच. दिवाळीची झाडलोट घरात करा.

मी असं करते. दर महिन्याच्या एक तारखेला समोरून एक फोटो. बंद नळीचं बूच फुटलेलं दिसलं की तिच्यावर पेन्सिलने खूण. खूण केलेली नळी महिनाभर तशीच राहिली तर गवताची काडी आत घालून बघते. थेट मागेपर्यंत गेली तर नळी रिकामी. बांबूची असेल तर फेकून नवी घालते. लाकडी भोक असेल तर बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने खरवडून, फुंकर मारून दोन दिवस कडक उन्हात. पाणी, फिनेल, व्हार्निश काही नाही.

काडी अर्ध्यात अडकली तर आत अजून कोणी आहे; हात लावू नका. वर्षभर बूच जसंच्या तसं असेल तर नळी उभी चिरून बघायला हरकत नाही. एका नळीत सलग पिढ्या वाढल्या की तिच्यात सूक्ष्म कोळी-किडे साचत जातात, म्हणून कोणतीही बांबूची नळी दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये.

जुन्या पण भरलेल्या नळ्यांचं काय, असाही प्रश्न येतो. त्या बूट येतात तसल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोक्याला पेन्सिल जाईल एवढं एकच भोक ठेवा आणि ते हॉटेलशेजारी, पावसापासून लांब ठेवा. जन्मलेली माशी उजेडाकडे येऊन भोकातून बाहेर पडते आणि अंधारातल्या जुन्या नळीत परत जात नाही.

१०. थंडीत नळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असं व्हिडिओत सांगतात. ठेवू का?

महाराष्ट्रात नाही. महाबळेश्वरातही नाही. परदेशात असाल तर प्रश्न १६ वाचा.

११. आमच्याकडे नागपुरात मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो. माश्या भाजतील का?

बारीक नळ्या आणि दुपारचं ऊन हे जीवघेणं आहे. एप्रिलच्या मध्यापासून हॉटेलवर हिरवी शेडनेट अशी बांधा की सकाळी दहानंतर सावली पडेल. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर गोणपाट टाका. नळ्यांवर पाणी शिंपडू नका, बुरशीला आमंत्रण. त्याऐवजी जवळ एका बशीत ओली काळी किंवा लाल माती ठेवा. मातीचे पडदे घालणाऱ्या माश्यांना आणि कुंभारणींना उन्हाळ्यात चिखल मिळत नाही, आणि नळ्या रिकाम्या राहण्याचं हे एक कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. माती ओली असावी, वर पाणी तरंगू नये. त्याने डासांचाही प्रश्न मिटतो. नळ्यांत डास होतात का, असं विचारणाऱ्यांनाही हेच सांगते: उभ्या बांबूच्या खुंटात पाणी साचून डास नक्की होतात, पण नळ्या आडव्या आणि तोंडाशी किंचित उतरत्या असतील तर पाणी साचतच नाही.

१२. मुंग्या, पाली आणि पक्षी यांचा बंदोबस्त कसा करायचा?

मुंग्यांसाठी आजीचा उपाय: लोणच्याची बरणी जशी पाण्याच्या परातीत ठेवायची, तसे स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पाणी तीन दिवसांनी बदला. भिंतीवरच्या हॉटेलला स्क्रूभोवती ग्रीसचा जाड थर. मुंग्यांचा खडू ओढू नका, त्यातलं औषध माश्यांनाही मारतं.

पाल रोजची असेल किंवा पक्षी नळ्या उपसत असतील तर समोर तीन-चार बोटं अंतरावर कोंबड्यांची जाळी. तिच्यातून भुंगासुद्धा आरामात जातो. कधीमधी दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्याकडे मी दुर्लक्ष करते.

चमकदार हिरवी-निळी, दागिन्यासारखी छोटी गांधीलमाशी नळ्यांची तोंडं तपासत फिरताना दिसली तर ती कोकिळेच्या धंद्यातली आहे: दुसऱ्याच्या खोलीत अंडं घालते. तिला मारू नका. ती येते म्हणजे तुमच्या हॉटेलात वस्ती आहे. मात्र तिची संख्या फार वाढली तर एका मोठ्या हॉटेलऐवजी तीन-चार छोट्या मोळ्या बागेत लांब लांब लावा.

१३. ताई, भुंगे आमच्या वाड्याचं सागवान पोखरतायत. हॉटेल लावलं तर आणखी वाढणार नाहीत का?

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा तुमच्या तुळईवर येतो कारण तिचा रंग-तेल उडालं आहे. उघड्या लाकडाला रंग किंवा जवसाचं तेल द्या आणि अंगणात आंब्याचा किंवा पांगाऱ्याचा वाळका ओंडका, नाहीतर जाड बांबू आडवा बांधून द्या. मऊ, उन्हापावसाने मुरलेलं लाकूड त्याला जास्त आवडतं. भोक साधारण सव्वा सेंटिमीटरचं असतं आणि तेच घर भुंगे पुन्हा पुन्हा वापरतात, म्हणून हा ओंडका साफ करायचा नाही, बदलायचा नाही. बाकीच्या हॉटेलचे नियम त्याला लागू नाहीत.

तोंडासमोर घिरट्या घालून धाक दाखवतो तो नर, आणि नराला नांगी नसते. भुंग्याला हाकलण्याआधी वांग्याच्या फुलावर तो काय करतो ते बघा. फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. सातेरीला हे जमत नाही.

१४. मुलांना चावतील का? आणि सोसायटीने ‘पोळं काढा’ अशी नोटीस दिली तर?

एकट्या माशीला राखायला ना मध, ना राणी. ती चिडून मागे लागत नाही. मुठीत चिरडली किंवा कपड्यात अडकली तरच मादी डंख करते. घरात कोणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर मात्र हॉटेल दारा-खिडकीपासून लांब लावा.

सोसायटीसाठी माझा अनुभव: बोर्डावर लेख चिकटवून काही होत नाही. चेअरमनना चहाला बोलावून नळीसमोर दहा मिनिटं उभं करा. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी येते, त्याची वेळ वॉचमनकडून कळवून घ्या आणि तेवढा तासभर हॉटेलवर जाड चादर टाका. धूर बसला की काढा, रात्रभर ठेवू नका. घरच्या झाडांवर कडुनिंबाचं तेल मारायचं तर सूर्यास्तानंतर आणि फुलं टाळून. इमिडाक्लोप्रिडसारखी झाडाच्या अंगात मुरणारी औषधं मारलेल्या बागेत हॉटेल लावणं म्हणजे विष घालून पंगत बसवणं.

गुलाबाच्या पानांना अर्धगोल कापे दिसले तर ती कीड नाही, प्रश्न २ मधली पान कापणारी माशी आहे. पान ती खात नाही, बाळंतिणीच्या खोलीला अस्तर लावते. झाडाला त्याने काही होत नाही.

१५. हॉटेलच्या छपराखाली गांधीलमाश्यांनी कागदी पोळं केलं. आता?

हा अपवाद. या समूहाने राहतात आणि पोळ्याला धक्का लागला की एकजुटीने येतात. पोळं बोटाच्या नखाएवढं, एक-दोनच माश्या असलेलं असेल तर त्या बाहेर गेल्यावर दुपारी लांब काठीने काढता येतं. मोठं झालं असेल आणि येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर माहीतगार माणूस बोलवा. वाटेवर नसेल तर राहू द्या. सोडून गेल्या की काढा. फवारा मारू नका, हॉटेलातले बाकीचेही मरतील.

१६. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. तुमचं वेळापत्रक चालेल का?

नाही. तिकडची तांबडी मातीकाम माशी वसंतात नळ्या भरते, शरदापर्यंत कोशात पूर्ण माशी तयार होते आणि हिवाळा आतच काढते. त्यामुळे तुमच्याकडे शरदात नळ्या उघडून कोश वेगळे करणं, स्वच्छ करणं आणि ४ अंश सेल्सियसच्या आसपास, थोड्या दमट जागी ठेवणं हे सगळं योग्य आहे. प्रश्न ५ आणि १२ मात्र तिथेही लागू.

१७. वर्ष झालं, एकही नळी भरली नाही. काय चुकलं?

आधी फुलं बघा. शे-दोनशे मीटरच्या टापूत बारा महिने काही ना काही फुललेलं नसेल तर उत्तम हॉटेलही ओस पडतं. पावसाळ्यात तेरडा आणि टाकळा, थंडीत कोथिंबीर-बडीशेप फुलावर सोडलेली, उन्हाळ्यात करंज. मग दिशा (प्रश्न ४) आणि नळ्यांची खोली (प्रश्न ५).

हे सगळं ठीक असेल तर कदाचित तुमच्याकडच्या माश्यांना हॉटेल नकोच असेल. एकट्या माश्यांपैकी बहुतेक जमिनीत बिळं करून राहतात. निळ्या पट्ट्यांची माशी तर मातीच्या भिंतीत, ओट्याच्या कडेला घर करते. बागेतला हातभर तुकडा उन्हात, न खणता, आच्छादन न घालता मोकळा सोडा. पेव्हर ब्लॉक घालायचेच असतील तर तो तुकडा वगळून.

१८. आम्ही घर बदलतोय. हॉटेल बरोबर नेऊ की इथेच ठेवू?

नव्या घरी फुलं असतील तर न्या. रात्री, सगळ्या आत असताना, तोंडांवर सुती कापड बांधा आणि गाडीत मांडीवर धरा. डिकीत नको, प्रश्न ८ मधल्या धक्क्याच्या कारणाने. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच दिशेला तोंड करून लावा. दोन-तीन किलोमीटरच्या आतलं घर असेल तर काही माद्या जुन्या भिंतीकडे परत जातील. त्यांच्यासाठी तिथे चार-पाच रिकाम्या नळ्यांची मोळी ठेवून जा आणि नव्या भाडेकरूला ती कशाची आहे ते सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या झाडलोटीतच ती कचऱ्यात जाईल.